४१४००१ ही मूळ संख्या आहे का?

अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या. पाकिटावरच्या सहा चौकटींतला पिनकोड ४१४००१ मात्र तसाच राहिला. हा आकडा बघून पुष्कळांना वाटतं, ही मूळ संख्याच असणार. शेवटी १ आहे, अंकांची बेरीज १०. म्हणजे २, ३, ५ यांचा भाग जात नाही, आणि आपल्या पाठ असलेल्या कसोट्या बहुधा इथेच संपतात.

पण सातालाही कसोटी आहे, आणि ती पिनकोडसाठीच केली असावी इतकी चपखल बसते. पहिल्या तीन अंकांतून शेवटचे तीन वजा करा: ४१४ − ००१ = ४१३. ४१३ म्हणजे ७ × ५९. वजाबाकीला सातने भाग गेला की पूर्ण आकड्यालाही जातो, कारण पूर्ण आकडा म्हणजे ४१४ × १००१ − ४१३, आणि १००१ = ७ × ११ × १३. त्याच वजाबाकीत ११ आणि १३ यांचीही परीक्षा होते. आता भागत चला: ५९१४३, पुन्हा सातने ८४४९, पुन्हा सातने १२०७, आणि १२०७ म्हणजे १७ × ७१. तीन वेळा सात! मूळ वाटणाऱ्या या संख्येला तब्बल १६ विभाजक आहेत.

शिर्डीचा ४२३१०९ मात्र खरोखर मूळ आहे. हे ठरवायला चार लाख भागाकार करावे लागतात, हाही गैरसमजच. ६५१ चा वर्ग या संख्येच्या पुढे जातो, म्हणून ६५० पर्यंतच्या ११८ मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. मूळ आहे म्हणून तो आकडा शुभ, असं मात्र कुणी समजू नये. हे क्रमांक पत्रं वाटण्यासाठी आहेत. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत संस्कृत कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. पहिले तीन अंक जिल्ह्याचे, ही समजूतही चूक. ते टपालाच्या वर्गवारीचे आहेत, म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातच श्रीरामपूर ४१३७०९ आणि संगमनेर ४२२६०५.

मला सगळ्यात आवडतो तो शिर्डीच्या शेजारचा राहाता: ४२३१०७. फक्त दोनने कमी, पण मूळ नाही. तो ५२३ × ८०९ आहे आणि हे दोन्ही अवयव मूळ. ५२३ ला ८०९ ने गुणायला मिनिटभर लागतं, पण ४२३१०७ वरून ते दोघे शोधायला संध्याकाळ जाईल. आरएसए नावाचं इंटरनेटवरचं कुलूप याच अवघडपणावर टिकून आहे. तिथे सहा अंकांच्या जागी सहाशेहून जास्त अंकांची संख्या असते, एवढाच फरक.

आपल्या गावचा पिन घ्या आणि ती एक वजाबाकी आजच करून पाहा.