नवी वही, जुनी माणसे

पेढीवर नवे यंत्र येते, तेव्हा नोकरमाणसांच्या मनात उठणारा पहिला प्रश्न यंत्राविषयीचा नसतो. ‘आता माझे काय?’ हा तो प्रश्न असतो, आणि तो सहसा कोणी मोठ्याने विचारीत नाही.

ज्या मुनीमजींनी तीस वर्षे रोजमेळ लिहिला, खतावणी जुळवली आणि उधारीचा प्रत्येक आकडा तोंडपाठ ठेवला, त्यांच्यासमोर एका सकाळी संगणक मांडला जातो. शिकून आलेला धाकटा शेठ सांगतो, ‘‘काका, आता हे सगळे यातच होईल.’’ मुनीमजी मान डोलावतात. पण महिन्याभरात तक्रारी सुरू होतात. बिल उशिरा निघते, साठ्याचा मेळ बसत नाही, आणि टेबलाच्या खणात जुनी वही गुपचूप लिहिली जात राहते. घरचे म्हणतात, ‘‘म्हातारे हट्टी आहेत.’’ हा निवाडा घाईचा आहे. तो किती घाईचा, हे देशातील बँकांच्या संगणकीकरणाच्या कहाणीवरून कळते.

बँकांचा धडा

एके काळी बँकेच्या शाखेत प्रत्येक खाते जाडजूड लेजरमध्ये हाताने लिहिले जाई. सहामाही व्याज आकारणीच्या दिवसांत कर्मचारी रात्री उशिरापर्यंत बसत, आणि बेरजेतील काही पैशांचा फरक शोधण्यात तासन् तास जात. अशा कष्टांतून सोडवणाऱ्या यंत्राचे स्वागत व्हावे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याला कडवा विरोध झाला.

रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने 1984 मध्ये यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला. बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात 1983, 1987 आणि 1993 मध्ये करार झाले. नोकरकपात होणार नाही याची हमी, यंत्र चालवणाऱ्यास विशेष भत्ता, यंत्रे कोठे आणि किती बसवायची याची मर्यादा, अशा बाबी या वाटाघाटींच्या केंद्रस्थानी होत्या. वेग मंद राहिला. 1994 नंतर आलेल्या नव्या खासगी बँका पहिल्या दिवसापासून संगणकावर चालल्या. शहरातील ग्राहक तिकडे वळू लागले, तेव्हा सरकारी बँकांना धावावे लागले.

आज या विलंबाचे खापर सहजपणे संघटनांवर फोडले जाते. परंतु कर्मचाऱ्यांची भीती निराधार नव्हती. कोणाला हाकलले गेले नाही हे खरे. पण नवी भरती रोडावली, आणि 2000-01 च्या सुमारास स्वेच्छानिवृत्ती योजनेतून सरकारी बँकांतील सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. ती बहुतांशी अनुभवी माणसे होती. ज्याची धास्ती होती, ते वेगळ्या वाटेने आलेच. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 1 एप्रिल 2010 पासून बचत खात्यावर दररोजच्या शिलकेवर व्याज मिळू लागले, ते संगणकामुळेच शक्य झाले. हाताने ती आकारणी करणे अशक्यप्राय होते.

स्टेट बँकेचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी पाहण्याजोगे आहे. अध्यक्ष ओ. पी. भट्ट यांच्या काळात, 2007 मध्ये, बँकेने ‘परिवर्तन’ नावाचा उपक्रम राबवला. काही महिन्यांतच एक लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांना लहान लहान गटांत बसवून बँकेची खरी स्थिती सांगण्यात आली. आपला बाजारातील वाटा घटतो आहे, हे लपवले नाही. परिपत्रकाने हुकूम सुटतो. विश्वास मात्र समोरासमोर बसूनच मिळतो.

विरोधाच्या पोटात काय असते?

अनेकान्ताची शिकवण घरात असलेल्या व्यापाऱ्याला विरोधाकडे एकाच बाजूने पाहणे शोभत नाही. विरोधाची कारणे निरनिराळी असतात. कोणाला पोटापाण्याची चिंता असते. कोणाला आयुष्यभर कमावलेली प्रतिष्ठा जाईल असे वाटते. पंचावन्न वर्षांच्या माणसाला वीस वर्षांच्या पोरासमोर चुकण्याची लाज वाटते, आणि तो शिकण्यापेक्षा टाळणे पसंत करतो. कधी जुन्या पद्धतीआड एखाद्याचा स्वार्थ दडलेला असतो. तेथे कठोर व्हावेच लागते. आणि कधी कधी विरोध करणाराच बरोबर असतो, कारण गिऱ्हाइकाची रीत त्याला मालकाहून अधिक ठाऊक असते. या पाच जणांना एकच औषध देऊन भागत नाही.

उत्पाद, व्यय, ध्रौव्य

तत्त्वार्थसूत्रात वस्तूचे स्वरूप सांगताना तीन गोष्टी एकत्र येतात: काही उत्पन्न होते, काही लय पावते, काही स्थिर राहते. पेढीवर बदल आणताना नेमके हेच तिन्ही भाग माणसांना सांगावे लागतात. मालक बहुधा पहिलाच भाग सांगतो. दुसरा नोकर स्वतःच ओळखतात, आणि तिसरा कोणी सांगतच नाही.

खरे तर व्यापारी समाजाने असे बदल अनेकदा पचवले आहेत. 1957 मध्ये आणे-पै गेले आणि नवे पैसे आले. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आले. 1989 पासून प्राप्तिकरासाठी सर्वांचे हिशेबी वर्ष 31 मार्चला संपू लागले, आणि दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवणाऱ्या पेढ्यांना आपली घडी बदलावी लागली. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला. हिशेब मार्चला गेला, तरी चोपडापूजन दिवाळीलाच राहिले. व्यवहार बदलला, श्रद्धा स्थिर राहिली. म्हणूनच तो बदल सोसला गेला.

यातून पेढीसाठी काही व्यवहारी गोष्टी निघतात. यंत्र विकत घेण्यापूर्वी, ते ज्यांना वापरायचे आहे त्यांच्याशी बोलावे. घेतल्यानंतरचे बोलणे ही केवळ समजूत ठरते. पगार आणि नोकरी यांविषयी जे वचन पाळता येईल तेवढेच द्यावे, पण ते स्पष्ट शब्दांत द्यावे. जुनी वही आणि नवा संगणक काही काळ बरोबरीने चालू द्यावेत. मात्र त्याची शेवटची तारीख आधीच ठरवावी, नाहीतर दोन्ही अपुरे राहतात. ज्येष्ठांना शिकवणे चारचौघांत नको, दुकान वाढवल्यानंतर निवांतपणे हवे.

आणि सर्वांत अवघड गोष्ट ही की, मालकाने आधी स्वतः बदलावे. शेठच जर चिठ्ठीवर व्यवहार करून ‘‘उद्या चढवा’’ म्हणत असेल, तर नोकराने संगणकावर विश्वास का ठेवावा?

सुरुवातीच्या त्या मुनीमजींकडे पुन्हा वळू. संगणक थकबाकी क्षणात दाखवतो. पण कोणते गिऱ्हाईक पीक हाती आल्यावरच पैसे देते, कोणाचा शब्द पुरेसा आहे आणि कोणाला गोड बोलून नकार द्यायचा, हे त्यात कोणी भरलेले नसते. प्रत्येक खात्याची उधारीची मर्यादा किती ठेवायची, हे धाकट्या शेठने त्यांच्याशेजारी बसून विचारावे आणि ते सांगतील ती रक्कम त्यांच्यादेखत संगणकात भरावी. एवढे झाले, तर खणातील वही बंद करा असे त्यांना सांगावे लागणार नाही. तिच्यातले जे मोलाचे होते, ते नव्या वहीत त्यांच्याच तोंडून उतरलेले असेल.