४ बाद ३२

बेसबॉलच्या हिशेबात एक नियम आहे. तो एकदा कळला की क्रिकेटचा धावफलकसुद्धा पूर्वीसारखा वाचवत नाही.

समजा, पिचरने, म्हणजे तिथल्या गोलंदाजाने, समोरच्या संघाच्या तिघांना बेसवर पोचू दिलं. तिन्ही बेस भरले आणि अजून एकही बाद नाही. संघाचा मॅनेजर मैदानात येतो, त्याच्या हातातून चेंडू काढून घेतो आणि दुसऱ्याला बोलावतो. हा दुसरा म्हणजे रिलीफ पिचर. आता याच्या पहिल्याच चेंडूवर असा फटका बसला की बेसवरचे तिघेही घरी, म्हणजे धाव मोजली जाते त्या जागी, पोचले, तर त्या तीन धावा कोणाच्या नावावर चढतात? नव्याच्या नाही. ज्याने त्यांना बेसवर जाऊ दिलं आणि जो आता बाकावर बसलाय, त्याच्या! बेसवरच्या त्या तिघांना बेसबॉलवाले वारशात मिळालेले धावपटू म्हणतात. त्यांतले किती घरी पोचले आणि किती अडवले, याची प्रत्येक रिलीफ पिचरपुरती वेगळी नोंद ठेवली जाते.

एखाद्या खेळाने इतकं बारकाईनं विचारावं की, बाबा रे, तू आलास तेव्हा तुझ्या ओंजळीत काय टाकलं होतं? मला याचं फार अप्रूप वाटतं. कारण क्रिकेट हे विचारत नाही. विचारलं असतं, तर बीडच्या सचिन धसच्या नावासमोर एक जास्तीचा रकाना लागला असता.

६ फेब्रुवारी २०२४ ला दक्षिण आफ्रिकेत बेनोनीला १९ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी होती. यजमानांनी ५० षटकांत ७ बाद २४४ केल्या. भारताचा सलामीवीर डावाच्या पहिल्याच चेंडूवर गेला. सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी १२ धावांवर परतला. बाराव्या षटकात चौथा गडी पडला तेव्हा फलकावर ३२ धावा होत्या. एका बाजूला कर्णधार उदय सहारन उभा होता. दुसऱ्या बाजूने तीन दिवसांपूर्वी एकोणीस वर्षांचा झालेला सचिन चालत आला.

त्या स्पर्धेत त्याच्याकडे मुख्य काम होतं शेवटी येऊन धावा लुटण्याचं. आयर्लंडविरुद्ध ९ चेंडूंत नाबाद २१, अशा थाटाचं. नंतर नेपाळविरुद्ध ब्लूमफाँटेनला ३ बाद ६२ असताना त्याला लवकर यावं लागलं, तर त्याने १०१ चेंडूंत ११६ काढल्या. बेनोनीला कामाची जात पुन्हा बदलली. अडतीस-एकोणचाळीस षटकांत २१३ हव्या होत्या. गडी जाऊ द्यायचा नव्हता, आणि धावगतीही घसरू द्यायची नव्हती. ९५ चेंडूंत त्याने ९६ केल्या, ११ चौकार आणि १ षटकार. म्हणजे पन्नास धावा सीमारेषेपलीकडून आल्या आणि उरलेल्या शेहेचाळीस पळून. मला त्या शेहेचाळीसचं कौतुक जास्त आहे. संघ ४ बाद ३२ वर असताना समोरच्यावर दडपण टाकायचं तर एकेक धाव चोरत राहणं हाच खरा उपाय असतो.

दुसऱ्याने बिघडवलेलं सावरण्याचं हे कौशल्य बेसबॉलमध्ये पूर्णवेळ पेशा कसं झालं, ते बघण्यासारखं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जो पिचर सुरुवात करी तोच बहुधा शेवटपर्यंत टाके. मधे बदली करणं कमीपणाचं मानलं जाई, आणि बदलीवर येई तो बहुतेक वेळा संघातला दुय्यम पिचर असे. मग हळूहळू लक्षात आलं की एकाच पिचरला फलंदाज सामन्यात तिसऱ्यांदा सामोरा जातो तेव्हा तो जास्त चांगला खेळतो. तोवर पिचर दमलेला असतो, पण तेवढंच कारण नसतं. चेंडू हातातून सुटतो कसा आणि कुठे वळतो, हे फलंदाजाच्या डोळ्यांत साठलेलं असतं. त्यावर उतारा म्हणजे त्याने न पाहिलेला हात समोर आणायचा. सुरुवात करणारा शंभराच्या आसपास चेंडू टाकतो आणि पुढचे चार दिवस विश्रांती घेतो. रिलीफवाला पंधरा-वीस चेंडूंत सगळी ताकद ओततो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार राहतो. एकदा बदललेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येक बदली म्हणजे मागे न घेता येणारा निर्णय.

ही मंडळी मैदानाच्या कडेला बुलपेन नावाच्या कुंपणात बसतात. तिथे एक टेलिफोन असतो. तो वाजला की नाव सांगितलं जातं, आणि तो माणूस उठून हात गरम करायला लागतो. कधी कधी मैदानावरची परिस्थिती सुधारते आणि त्याला सांगतात, बस खाली. पुन्हा बिघडते, पुन्हा उठवतात. अशी एखादी रात्र तो दोन-तीनदा पूर्ण जोराने टाकून घरी जातो आणि सामन्याच्या नोंदीत त्याचं नावही येत नाही. खांद्याने आणि कोपराने मात्र त्या प्रत्येक चेंडूची किंमत मोजलेली असते. कोपराच्या आतल्या बाजूची अस्थिबंधनाची एक छोटी पट्टी प्रत्येक चेंडूला ताणली जाते. ती तुटली की पूर्वी कारकीर्दच संपायची. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या मनगटाजवळचा स्नायुबंध काढून कोपरात बसवला. टॉमी जॉन १९७६ मध्ये मैदानावर परतला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला. आज या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव आहे.

ती शस्त्रक्रिया आपल्याकडच्या एका मुलालाही करून घ्यावी लागली. उत्तर प्रदेशचा भालाफेकपटू रिंकू सिंग. २००८ मधल्या एका स्पर्धेत त्याने डाव्या हाताने ताशी १४० किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकला, आणि ज्या खेळाशी आयुष्यात संबंध आला नव्हता त्या खेळासाठी पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला करारबद्ध केलं. १३ जुलै २००९ ला अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय पिचर म्हणून त्याची नोंद झाली. तो मुख्यतः रिलीफवर येत असे. सर्वोच्च पातळीपर्यंत तो पोचला नाही, पण भाला सोडून वर्षभरात व्यावसायिक बेसबॉलपर्यंत जाणं हीच केवढी झेप!

रिलीफच्या कामाचं माप लावणंही सोपं नव्हतं. १९५९ मध्ये याच पायरेट्सचा एलरॉय फेस १८ सामने जिंकला आणि एकच हरला. कागदावर हे डोळे दिपवणारं होतं. शिकागोचा पत्रकार जेरोम होल्ट्झमन मात्र खोलात शिरला. त्याला दिसलं की त्यातल्या काही सामन्यांत फेसने आधी आपल्या संघाची आघाडी घालवली होती, मग सहकाऱ्यांनी धावा काढल्या आणि विजय त्याच्या खात्यावर गेला. शेवटी येऊन आघाडी खरोखर राखली का, हे मोजणारा 'सेव्ह' नावाचा आकडा होल्ट्झमनने मांडला आणि १९६९ मध्ये तो अधिकृत झाला. एका पत्रकाराच्या चिकित्सेतून एका पेशाला मान मिळाला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

या सेव्हचा उच्चांक आहे ६५२, मारियानो रिव्हेराच्या नावावर. पनामातल्या मासेमारीच्या गावात वाढलेला हा मुलगा १९९५ ते २०१३ अशी एकोणीस वर्षं न्यूयॉर्क यांकीजकडून खेळला. १९९७ मध्ये सरावात सहकाऱ्याशी झेल खेळताना त्याचा चेंडू आपोआप शेवटच्या क्षणी काही इंच सरकू लागला. आधी त्याने तो सरळ करायचा खटाटोप केला, मग तसाच स्वीकारला. पुढची सगळी वर्षं मुख्यतः त्याच एका चेंडूवर त्याने काढली. काय येणार आहे हे फलंदाजांना माहीत असे, तरी बॅटी मुठीजवळ तुटत. २००१ च्या अंतिम लढतीच्या सातव्या सामन्यात शेवटच्या डावात त्याच्याच हातून आघाडी गेली आणि अजिंक्यपदही गेलं. त्यानंतर तो आणखी बारा हंगाम खेळला. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी पडलेल्या ४२५ पैकी ४२५ मतपत्रिकांवर त्याचं नाव होतं. त्याआधी असं एकमत कोणाच्याही वाट्याला आलं नव्हतं.

आपल्या क्रिकेटमध्येही आता बदलीवर येणारा गोलंदाज दिसतो. ३१ मार्च २०२३ ला अहमदाबादेत कल्याणचा तुषार देशपांडे चेन्नईकडून आयपीएलमधला पहिला इम्पॅक्ट प्लेअर, म्हणजे सामन्यात मधेच आणलेला बदली खेळाडू, म्हणून उतरला. त्या रात्री त्याच्या ३.२ षटकांत ५१ धावा गेल्या. त्याच हंगामात त्याने २१ बळी घेतले आणि चेन्नई अजिंक्य ठरली. शेवटी येणाऱ्याला कालचा दिवस विसरता यावा लागतो. रिव्हेराचंही तेच, तुषारचंही तेच.

बीडच्या सचिनकडे परत यायचं, तर त्याची गोष्ट मैदानात उतरण्याच्याही आधी सुरू होते. टर्फ विकेटला पाणी लागतं आणि बीडमध्ये पाण्याचीच मारामार. सचिनला टर्फवर सराव मिळावा म्हणून त्याच्या वडिलांनी कर्ज काढलं, दर दोन-तीन दिवसांनी टँकर मागवून खेळपट्टी ओली ठेवली, हे त्यांनीच वृत्तपत्रांना सांगितलंय. प्रशिक्षक शेख अझहर यांच्या हाताखाली तो लहानपणापासून घडला. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्यांवर गावं तगतात, तिथे एका पट्टीला पाणी पाजण्याचा निर्णय घरात कसा घेतला गेला असेल, याचा विचार मनातून जात नाही.

आणि एक योगायोग. संजय बांगर यांचा जन्मही बीडचा. २००२ मध्ये हेडिंग्लेला, चेंडू हलत असताना, ते कसोटीत सलामीला गेले. सेहवाग लवकर बाद झाला. बांगरांनी २३६ चेंडू खेळून ६८ केल्या आणि द्रविडबरोबर १७० ची भागीदारी रचली. पुढे द्रविड, तेंडुलकर, गांगुली यांची शतकं झाली आणि भारत डावाने जिंकला. वारसा बिघडूच नये म्हणून खपणारे बांगर आणि बिघडलेला वारसा हाती घेणारा धस, हे एकाच गावचे. सहारनबरोबर सचिनची भागीदारी झाली १७१ ची.

धावफलकाच्या तळाशी गडी बाद होण्याचा क्रम बारीक टाइपात छापतात. क्रिकेटमध्ये वारशाची नोंद असलीच तर ती तिथेच आहे. त्या दिवशीच्या ओळीत ४-३२ नंतर लगेच ५-२०३ आहे. पाचवा गडी म्हणजे सचिन, शतकाला चार कमी. अजून ४२ हव्या होत्या आणि आता त्या मागे उरलेल्यांच्या वाट्याला आल्या. झटपट आणखी गडी गेले. धावा बरोबरीत असताना ८१ वर सहारनही धावचीत झाला. विजयी चौकार मारला तो गुजरातच्या राज लिंबानीने, सात चेंडू राखून. तो गोलंदाज म्हणून संघात होता. फलकावर त्याच्या नावासमोर आहे: नाबाद १३, चेंडू ४.