तंबूतलं अन्न आणि अस्वलाचा जीव
कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात मुक्काम करणाऱ्याला खाण्याबरोबर साबण आणि टूथपेस्टही लोखंडी पेटीत बंद ठेवावी लागते. हा जाच वाटेल, पण त्यामागचं कारण ठोस आहे. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं काळं अस्वल भीड विसरतं, गाड्या फोडतं आणि शेवटी कधीकधी त्यालाच मारावं लागतं. १९९८ मध्ये तिथे अस्वलांच्या उपद्रवाच्या १,५०० हून अधिक घटना घडल्या. पेट्या, प्रबोधन आणि देखरेख यांमुळे पुढे त्या ९० टक्क्यांहून अधिक घटल्या. मोकळेपणासाठी रानात जायचं, तर नियम कशाला, असं कुणी विचारेल. पण रानातल्या मोकळेपणावर पहिला हक्क अस्वलाचा आहे. आपल्या निष्काळजीपणाची शिक्षा त्याने भोगू नये, म्हणून पेटीची कडी लावणं हे आपलं कर्तव्यच आहे.