सत्तेची सोडत
फिलिप के. डिक या अमेरिकन लेखकाची पहिली प्रकाशित कादंबरी ‘सोलर लॉटरी’ १९५५ साली, ली ब्रॅकेट यांच्या एका कादंबरीशी पाठीला पाठ लावून, एकाच स्वस्त जोडपुस्तकात निघाली. कथेचा काळ इसवी सन २२०३. त्या काळी सूर्यमालेचा सर्वाधिकारी ना वारसाहक्काने ठरतो ना मतदानाने. यदृच्छेने ज्याच्या नावाची सोडत निघेल तो गादीवर बसतो आणि पुढच्या सोडतीत तितक्याच अकस्मात बडतर्फ होतो. प्राचीन अथेन्सनेही आपल्या सभेचे पाचशे सभासद चिठ्ठ्यांनीच निवडले होते. परंतु अथेन्सकरांनी सत्ताधीशाच्या खुनाला कायद्याची सनद दिली नव्हती. डिकच्या जगात मारेकरी भर सभेत रीतसर मुक्रर होतो, आणि त्याचा हेतू दुरूनच ओळखणारे मनकवड्यांचे पथक सर्वाधिकाऱ्याच्या रक्षणास तैनात असते.

नायक टेड बेंटली सर्वाधिकारी रीझ व्हेरिकच्या व्यक्तीशी एकनिष्ठेची शपथ घेतो, आणि मग त्याला कळते की व्हेरिकची गादी आधीच गेलेली आहे. सत्ता सोडतीवर फिरते, इमान मात्र सरंजामी काळातल्याप्रमाणे एका माणसाशीच जखडलेले राहते. हा विरोध मला कादंबरीतील साऱ्या यंत्रांहून मोलाचा वाटतो.

तिचे खरे बीज मात्र फॉन नॉयमन आणि मॉर्गेन्स्टर्न यांनी १९४४ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या खेळांच्या गणितात आहे. मुठीत चिंचोके धरून ‘एकी की बेकी’ विचारणाऱ्या पोराची खोड प्रतिस्पर्ध्याने हेरली की ते हरलेच. म्हणून त्याने आपली निवडही दैवावर सोपवावी, म्हणजे जे त्याचे त्यालाच ठाऊक नाही ते दुसऱ्याला कुठून कळणार? नव्या सर्वाधिकाऱ्यावर व्हेरिकने सोडलेला मारेकरी कीथ पेलिग हा नेमका याच युक्तीचा देहधारी अवतार होय. तो कृत्रिम देह दुरून अनेक माणसे आळीपाळीने चालवतात, आणि कोणाची पाळी केव्हा येईल हे यदृच्छाच ठरवते. त्यामुळे मनकवड्याने एक मन पकडून त्याचा डाव ओळखावा, तोच तिथे निराळ्या बेताचे निराळे मन उभे!

दहाव्या ग्रहाच्या शोधाचे उपकथानक मात्र ठिगळासारखे वाटते. तथापि त्या शोधपंथाचा नेता, विद्युत्-उपकरणे दुरुस्त करणारा लिऑन कार्टराइट, हाच नवा सर्वाधिकारी असून सोडत त्यानेच आधी फिरवून ठेवली होती, हे अखेरीस उघड होते. ज्या खेळाचे नियमच रयतेने हरावे म्हणून रचले आहेत ते आपण का पाळावेत, असा त्याचा सवाल आहे. आणि डिक त्याला गुन्हेगार ठरवीत नाही.