मोठ्या कुत्र्याचे म्हातारपण कसे ओळखावे



आपल्या लहानपणी कोकणात कुत्रा असायचा तो अंगणात. गावठी, हडकुळा, उरल्यासुरल्या भाकरीवर जगणारा. त्याचे वय कोणी मोजले नाही आणि त्याचे काय दुखते हेही कोणी विचारले नाही. इस्राएलमध्ये गोष्ट वेगळी झाली. नातवंडे हौसेने लॅब्रॅडोर किंवा जर्मन शेफर्डचे पिल्लू आणतात. पुढे ती सैन्यात जातात, आणि तीस-पस्तीस किलोचा कुत्रा आजी-आजोबांजवळ राहतो.

आमच्या घरी शेरू असाच आला. काळा लॅब्रॅडोर, स्वभावाने गरीब. आम्ही लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. शेरूला नववे वर्ष लागले तेव्हा तो जिन्यात मध्येच थांबू लागला. आम्ही म्हणालो, "वय झाले बिचाऱ्याचे. आपलेही गुडघे कुठे चालतात?" असे आठ महिने गेले. मग लस देण्यासाठी नेले असता डॉक्टरांनी त्याच्या मागच्या पायांवर हात दाबला, आणि जन्मात कधी न गुरगुरलेला शेरू गुरगुरला. डॉक्टर म्हणाले, "म्हातारपण हा आजार नाही. याला दुखते आहे." सांधेदुखीचे औषध सुरू झाले, खाणे मोजून देऊ लागलो, आणि महिन्याभरात शेरू न थांबता जिना चढू लागला. आठ महिने त्या मुक्या जिवाने जे सोसले ते आमच्या एका वाक्यामुळे. तसे दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये म्हणून हा लेख लिहीत आहोत.

आयुष्य किती?

हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो, पण कुत्र्यांच्या जातींत हिशेब उलटा आहे. जितका कुत्रा मोठा तितके आयुष्य कमी. लहान जातीची कुत्री पुष्कळदा १४-१५ वर्षे जगतात. लॅब्रॅडोर साधारण ११ ते १३, जर्मन शेफर्ड १० ते १२, रॉटवायलर ९ ते १०, आणि घोड्याच्या शिंगराएवढा ग्रेट डेन ७ ते १० वर्षे. हे सर्वसाधारण आकडे आहेत. एखादा कुत्रा जास्त जगेल, एखादा कमी.

असे का, याचा अभ्यास जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी केला व तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ७४ जातींच्या कुत्र्यांची माहिती तपासली. त्यात असे दिसले की मोठ्या कुत्र्यांचे म्हातारपण फार लवकर सुरू होते असे नाही, पण एकदा सुरू झाले की ते झपाट्याने पुढे जाते. शरीराच्या वजनात दर २ किलोंच्या वाढीमागे आयुष्य सुमारे एक महिन्याने घटते, असा त्यांचा हिशेब आहे.

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, असे आपण ऐकत आलो. तेही तितकेसे खरे नाही. २०२० साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी लॅब्रॅडोर कुत्र्यांच्या पेशींत वयाबरोबर होणारे बदल माणसांच्या बदलांशी ताडून पाहिले. त्यांच्या हिशेबाने कुत्रा पहिल्याच वर्षात तिशीच्या तरुणाएवढा होतो, सातव्या वर्षी साठी ओलांडतो आणि बाराव्या वर्षी सत्तरीत येतो. म्हणजे सात वर्षांचा लॅब्रॅडोर हा आपल्यासारखाच पेन्शनर समजावा. त्या वयापासून दर सहा महिन्यांनी त्याला डॉक्टरांना दाखवावे.

काय वयाचे आणि काय आजाराचे?

काही खुणा वयाच्याच आहेत. तोंडाभोवतीचे केस पांढरे होतात. झोप वाढते. डोळ्यांच्या बुबुळांवर निळसर धुरकट झाक येते. ही झाक बहुतेक वेळा मोतीबिंदू नसते आणि तिच्यामुळे दृष्टी फारशी जात नाही. तरी ती कशाची आहे हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. ऐकू कमी येते, म्हणून हाक मारून न आल्यास रागावू नये, हाताने खूण करावी. झोपलेल्या बहिऱ्या कुत्र्याला एकदम हात लावू नये, दचकून तो चावेल.

पण पुढील खुणा दिसल्या तर "वय झाले" म्हणू नये:

१. उठताना वेळ लागणे, जिना किंवा गाडी टाळणे, एकच सांधा सारखा चाटणे. हे दुखण्याचे लक्षण आहे. कुत्रा दुखले म्हणून ओरडेलच असे नाही. तो फक्त कमी हिंडतो.

२. मागचे पंजे जमिनीवर घासणे, नखे झिजणे. जर्मन शेफर्डमध्ये हा पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचा आजार असू शकतो. त्यात दुखत नाही, पण पाय हळूहळू लुळे पडतात.

३. खाणे तेवढेच असून वजन वाढणे, केस विरळ होणे, सारखे सुस्त पडून राहणे. थायरॉईड कमी पडत असेल. रक्त तपासून कळते आणि गोळीने कुत्रा पुन्हा ताजातवाना होतो.

४. पाणी फार पिणे, लघवी फार करणे. मूत्रपिंड, मधुमेह किंवा ग्रंथींचा विकार असू शकतो.

५. भुंकण्याचा आवाज घोगरा होणे, श्वास घेताना घरघर. म्हाताऱ्या लॅब्रॅडोरमध्ये स्वरयंत्राचे स्नायू लुळे पडतात. अशा कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घालू नये, छातीवरून बांधायचा पट्टा वापरावा. शारावच्या दिवसांत तर त्याला फार जपावे, कारण कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो.

६. अंगावर गाठ. लॅब्रॅडोरच्या गाठी पुष्कळदा नुसत्या चरबीच्या असतात, पण हाताने चाचपून ते कळत नाही. डॉक्टर सुईने तपासतात.

७. रात्री घरात फेऱ्या घालणे, कोपऱ्यात जाऊन उभे राहणे, शिकलेला कुत्रा घरात घाण करणे. हा कुत्र्यांचा स्मृतिभ्रंश असू शकतो. तो बरा होत नाही, पण औषधांनी व खाण्यातील बदलांनी काहीसा ताब्यात राहतो. कुत्र्याला मारू नये. तो मुद्दाम करीत नाही.

दोन प्रसंगी सकाळची वाट पाहू नये. पोट फुगले आहे, कुत्रा ओकारीचा प्रयत्न करतो पण काही पडत नाही, एका जागी बसत नाही, तर जठराला पीळ पडला असेल. आणि कुत्रा एकाएकी कोसळला व हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या तर पोटात रक्तस्राव होत असेल. दोन्ही वेळी त्याच क्षणी दवाखान्यात न्यावे.

घरी काय करावे?

पहिली गोष्ट खाण्याची. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोर कुत्र्यांवर आयुष्यभर प्रयोग झाला. निम्म्यांना त्यांच्या जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले. २००२ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा, की कमी खाणारे सुमारे १३ वर्षे जगले आणि दुसरे सुमारे ११. त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. आपण आज्या-आजोबा प्रेम दाखवतो ते ताटातला घास टाकून. तो हात आवरावा. कुत्र्याच्या फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवला तर सहज लागाव्यात.

काही पदार्थ तर कधीच देऊ नयेत. कांदा-लसणाचा रस्सा, चॉकलेट, शिजवलेल्या कोंबडीची हाडे, द्राक्षे आणि बेदाणे. मलिद्याचे ताट म्हणून उंचावरच ठेवावे.

आपल्या औषधांच्या डब्यातील गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. अकामोल किंवा आयबुप्रोफेन माणसाला चालते म्हणून कुत्र्याला चालत नाही. त्याने जीवही जाऊ शकतो.

इथल्या गुळगुळीत फरशीवर म्हातारा कुत्रा घसरतो, म्हणून त्याच्या वाटेवर सतरंज्या घालाव्यात. नखे वेळेवर कापावीत. जिना चढवताना जाड टॉवेल पोटाखालून घेऊन मागचा भाग वर धरावा. आपल्या कंबरेलाही ते सोसते. तीस किलो उचलायला मात्र जाऊ नये. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर फिरवावे. हाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर थोडा वेळ ठेववत नसेल, तर त्याचे पंजेही तिथे भाजतील.

शेवटची वेळ

शेरू साडेबारा वर्षांचा होऊन गेला. शेवटच्या महिन्यांत डॉक्टरांनी आम्हांला एक साधी गोष्ट सांगितली. कॅलेंडरवर रोज खूण करा. तो जेवला, शेपटी हलवली, स्वतःच्या पायांनी बाहेर गेला, तर दिवस चांगला. नाहीतर वाईट. वाईट दिवस जास्त होऊ लागले तेव्हा नातवाला रजा घेऊन बोलावले आणि निर्णय तिघांनी मिळून घेतला. तो सोपा नव्हता. पण कॅलेंडर समोर होते, म्हणून आपण घाई केली की उशीर केला हा प्रश्न नंतर आम्हांला छळत राहिला नाही.

आपल्या वाडवडिलांनी शिकवले की जनावराला खायला घातल्याशिवाय आपण ताटावर बसू नये. आम्हांला वाटते, त्याचे दुखणे वेळेवर ओळखणे हेही त्याच शिकवणीत येते. कुपात होलीममध्ये आपण डॉक्टरांना सांगतो इथे दुखते, तिथे दुखते. कुत्र्याच्या वतीने ते आपणच सांगायचे असते.

आणखी एक. आपल्या वयात नवे मोठे पिल्लू घेण्यापूर्वी बारा वर्षांचा हिशेब करावा, आणि आपल्यामागे त्याला कोण सांभाळील हे मुलांशी बोलून ठरवावे. कुत्रा हवाच असेल तर आश्रमांत सात-आठ वर्षांची कुत्री असतात. त्यांना सहसा कोणी नेत नाही. आमच्या शेजारच्या मावशींनी गेल्या वर्षी तशी एक कुत्री आणली. संध्याकाळी दोघी हळूहळू बागेपर्यंत जाऊन येतात. वेग दोघींचा सारखाच आहे.