कन्हेरीच्या डोंगरावर पाणी कोठून आले?

एप्रिल-मे महिन्यात सह्याद्रीतला एखादा डोंगर चढून पाहा. कातळ तापलेला असतो, ओढे कोरडे पडलेले असतात आणि बरोबरची पाण्याची बाटली अर्ध्या वाटेवरच संपते. अशा डोंगरावर कायमची वस्ती करायची झाली, तर पाणी कोठून आणाल?

हा प्रश्न मनात ठेवून मुंबईत बोरिवलीजवळच्या कन्हेरीला जा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील या डोंगरावर शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास येथे खोदकाम सुरू झाले आणि पुढे जवळजवळ हजार वर्षे येथे भिक्षूंचा राबता होता.

प्रथम ३ क्रमांकाच्या लेण्यातले भव्य चैत्यगृह पाहा. स्तंभांच्या दोन रांगा व टोकाशी स्तूप पाहून झाला, की पायऱ्यांनी वर चढा. आता नजर मूर्तींवरून काढून जरा खाली वळवा. भिक्षूंच्या खोल्यांच्या अंगणात, बहुधा एका बाजूला, कातळात चौकोनी तोंड दिसेल. आत डोकावलात तर अंधार आणि तळाशी पाणी. हेच पाण्याचे टाके. काही लेण्यांच्या वरच्या अंगाला कातळात कोरलेल्या अरुंद पन्हळीही दिसतील. उतारावरून येणारे पावसाचे पाणी दारावर पडू नये, बाजूला वळावे आणि टाक्यात उतरावे, अशी ही योजना. एकाच खटाटोपात दोन कामे!

आता थोडे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर एक लिटर पाणी मिळते. मुंबईत वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. समजा, एक टाके ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व अडीच मीटर खोल आहे. त्यात १५ घनमीटर, म्हणजे १५,००० लिटर पाणी मावेल. ते भरायला किती कातळ लागेल? १५,००० भागिले २,०००, म्हणजे अवघे साडेसात चौरस मीटर! काही पाणी उडून वा वाहून जाते, म्हणून तिप्पट जागा धरा. तरीही ती तुमच्या वर्गाच्या खोलीपेक्षा लहानच भरेल. पिण्यास व स्वयंपाकाला माणशी रोज १० लिटर धरले, तर पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांत एका माणसाला २,४०० लिटर लागतील. म्हणजे एका टाक्यावर सहा जणांचे भागेल.

तर मग पाणी मिळवणे ही खरी अडचण नव्हतीच. अडचण होती ते आठ महिने टिकवण्याची. येथेच त्या कारागिरांची समज दिसते. बाष्पीभवन पाण्याच्या उघड्या पृष्ठभागावरून होते. टाके पोटात मोठे पण तोंडाला लहान ठेवले, की ऊन व वारा आत शिरत नाहीत आणि पाणी कमी आटते. प्रकाश नसल्याने शेवाळही फारसे धरत नाही. गाळ हळूहळू तळाशी बसतो व वरचे पाणी निवळते. कातळ सलग असला, तर पाणी झिरपतही नाही.

या कामासाठी पैसा कोणी दिला, हे भिंतींवरील ब्राह्मी लिपीतले लेख सांगतात. त्यांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने येथे पोढी दान दिली, असा एक लेख आहे. चैत्यगृहाइतकेच पाण्याचे टाकेही नाव कोरून ठेवण्याजोगे दान मानले जात होते!

याच डोंगररांगांत पडणारा पाऊस अडवून मुंबईसाठी १८६० साली विहार व १८७९ साली तुळशी हे तलाव तयार झाले. तत्त्व तेच, प्रमाण मोठे. मात्र तलावाचे तोंड उघडे असल्याने त्यातले पाणी उन्हाने आटत राहते.

सहलीला जाताना मोजपट्टी व वही बरोबर न्या. टाक्याच्या तोंडाची लांबी-रुंदी बाहेरूनच मोजा. खोली अजमावण्यासाठी आत उतरू नका. पन्हळ कोठे सुरू होते व कोठे संपते, याचा नकाशा काढा. टाक्यात खडा किंवा कागद टाकू नका आणि भिंतीवर नाव कोरू नका. ज्यांची नावे तेथे आहेत, त्यांनी आधी पाणी दिले होते.

परत आल्यावर शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ काढा, त्याला तुमच्या गावच्या सरासरी पावसाने गुणा. येणारा आकडा फळ्यावर लिहा आणि गुरुजींना विचारा, हे सगळे पाणी दरवर्षी जाते कोठे?