‘नाशिक’मधील शकार

नाशिक शहराचे नाव आज मराठीत ‘नाशिक’ असे लिहिले जाते. हिंदीत मात्र ते ‘नासिक’ असे लिहितात आणि जुन्या मराठी ग्रंथांतही हे दुसरे रूप आढळते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा या जिल्ह्याविषयीचा सोळावा खंड १८८३ साली प्रसिद्ध झाला, त्याच्या इंग्रजी शीर्षकातही सकारच आहे. यावरून ‘नासिक’ हे मूळ आणि शुद्ध, तर ‘नाशिक’ हे अशिक्षितांच्या तोंडी बिघडलेले रूप, असे मत अधूनमधून मांडले जाते. या मताचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र मराठीच्या वर्णविकासाशी विसंगत आहे.

नावाचा प्राचीन पुरावा भक्कम आहे. इ. स. पूर्वी दुसऱ्या शतकातील पतंजलीने महाभाष्यात ‘नासिक्य’ या शब्दाची चर्चा केली आहे. ‘नासिका’ शब्दाला ‘यत्’ प्रत्यय लागला असता ‘नस्’ असा आदेश होतो. परंतु वर्ण आणि नगर या दोन अर्थी तो होत नाही. म्हणून अनुनासिक वर्ण तो ‘नासिक्य’ आणि नगर तेही ‘नासिक्य’. वर्णाच्या आणि गावाच्या नावात एकच अक्षरसमूह असावा आणि त्याची नोंद एका वैयाकरणाने करावी, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. शहराजवळील पांडवलेण्यांतही हे नाव कोरलेले आहे. एकोणिसाव्या क्रमांकाचे लेणे सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळी नासिकच्या महामात्राने करविले, असे तेथील लेख सांगतो. तर अठराव्या लेण्याच्या म्हणजे चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धंभिक गावाच्या दानाची नोंद ‘नासिककनं’ या पदासह आहे.

मात्र या लेखांतील सकारावरून आजच्या लेखनाचा निर्णय करता येत नाही. महाराष्ट्री प्राकृतात श, ष आणि स या तिन्ही ऊष्म वर्णांचा एक सकारच झाला होता. एकोणिसाव्या लेण्याच्या लेखात ‘श्रमण’ हा शब्दही ‘समण’ असाच येतो. म्हणजे ज्या भाषेत शकारच नव्हता, त्या भाषेचे हे लेखन आहे. मराठीच्या तद्भव शब्दांत जो शकार दिसतो तो बहुतांशी संस्कृतातून सरळ चालत आलेला नसून प्राकृतातील सकारापासून नव्याने उत्पन्न झालेला आहे. पुढे इ, ई, ए किंवा य आला असता त्या तालव्य वर्णाच्या ओढीने दंत्य सकार तालव्य होतो, असा हा नियम आहे. झ्यूल ब्लॉक यांच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९४१ साली वा. गो. परांजपे यांनी मराठीत आणलेल्या ग्रंथाच्या अभ्यासकांना तो परिचित असेल.

नियमाची खरी कसोटी संस्कृतात मुळातच सकार असलेल्या शब्दांत लागते. सिध्यति–शिजणे, सीव्यति–शिवणे, सीमा–शीव, सिक्थ–शीत, सिन्दूर–शेंदूर: येथे संस्कृतात शकाराचा मागमूस नसताना मराठीने तो निर्माण केला. उलट बाजू तितकीच बोलकी आहे. श्वश्रू–सासू, श्वशुर–सासरा, शुष्क–सुका, शुण्ठी–सुंठ, शृंखला–साखळी: येथे संस्कृतात शकार असूनही पुढे तालव्य स्वर नसल्यामुळे मराठीत सकारच राहिला. ‘शिंग’ आणि ‘शेवाळ’ या शब्दांतला शकार संस्कृताचा वारसा वाटतो, पण तोही याच नियमाने पुन्हा जन्मलेला आहे. ‘शत’पासून आलेला ‘दोनशे’मधील ‘शे’ही त्याच जातीचा.

हा नियम केवळ जुन्या व्युत्पत्तींत गाडलेला नाही. शाळेची पायरी न चढलेला मनुष्यही म्हैस–म्हशी, असा–अशी, वीस–विशी, चाळीस–चाळिशी ही रूपे बिनचूक योजतो. मासा–माशाला, पैसा–पैशाला, घसा–घशात, आरसा–आरशात येथे सामान्यरूपातील यकार सकाराला तालव्य करून स्वतः लुप्त झाला आहे. ‘घोडा–घोड्याला’ यांतील यकाराशी ताडून पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. ‘मासे’, ‘पैसे’, ‘असे’ या रूपांत मात्र प्रत्ययाच्या एकारापुढेही सकार टिकला. मूळ रूपाच्या सादृश्यामुळे तो टिकला असे म्हणावे, तर तेच सादृश्य ‘माशाला’ या रूपात निष्प्रभ का ठरले, हे सांगावे लागते. तेव्हा केवळ सादृश्यावर भिस्त ठेवणे पुरेसे नाही. ‘शिसे’ (संस्कृत ‘सीस’) या एकाच शब्दात आरंभीचा सकार बदलला आणि अंत्य प्रत्ययापूर्वीचा बदलला नाही, ही या गुंत्याची नेटकी साक्ष होय.

फारसीशी संबंध आल्यावरही नियमाचा जोर ओसरला नव्हता. सिपाही–शिपाई, सिक्का–शिक्का, मस्जिद–मशीद ही त्याची उदाहरणे. हिंदीतील ‘सिंधिया’ आणि मराठीतील ‘शिंदे’ ही जोडी तर ‘नासिक–नाशिक’ या जोडीची सख्खी बहीण शोभते. इंग्रजी काळात आलेले ‘सिनेमा’, ‘सिमेंट’ हे शब्द मात्र सकारासहच रूढ झाले. सिंह, सिद्धी, सेवा हे तत्सम शब्द असल्याने त्यांचा येथे विचार नको.

तेव्हा ‘नाशिक’मधील शकार हा बिघाड नव्हे, तो मराठीच्या स्वभावाला धरून आहे. त्या नावातील ककारही असाच बोलका आहे. ‘नासिका’पासून नाव आले असते तर स्वरमध्यगत ककार प्राकृतात लोपला असता. तो टिकला, कारण मूळ शब्द ‘नासिक्य’ असून ‘क्य’चा ‘क्क’ आणि ‘क्क’चा ‘क’ झाला. लेण्यांतील ब्राह्मी लेखांत द्वित्व दाखविण्याची रीत नव्हती, म्हणून तेथे एकेरी ‘क’ दिसतो. शूर्पणखेच्या नाकाची कथा या नावाशी जोडली जाते. भाषेच्या दृष्टीने ‘नासिका’ ही ‘नाशिक’ची जननी नव्हे, आजी आहे.

जिल्ह्यातील इतर स्थलनामे पाहता ‘सटाणा’ आणि ‘सुरगाणा’ येथे पुढे अ आणि उ असल्याने सकार अपेक्षितच आहे. अडचण ‘सिन्नर’ची. यादवांच्या लेखांतील ‘सिंदिनगर’ ते हेच, असे मानले जाते. पण इकार असूनही तेथे शकार झालेला नाही. स्थलनामे दफ्तरांत, दानपत्रांत आणि परभाषिकांच्या लेखणीत वावरतात, त्यामुळे त्यांचे जुने रूप कधी कधी गोठून राहते. याच कारणास्तव प्रस्तुत विवेचनाचा भार कोणत्याही स्थलनामावर न टाकता ‘शिजणे’, ‘म्हशी’, ‘विशी’ यांसारख्या रोजच्या शब्दांवर ठेवला आहे.